मोती काढून भेटतील

शकुबाईचा राग चुलीच्या आधी पेटायचा. कोंबडा आरवला तर "काऊन बोंबलून राह्यला, मी का मेली?" आणि नाही आरवला तर "हा का मेला?" नवरा मुखरू अंथरुणात उठून बसला तरी त्याची चूक, पडून राहिला तरी त्याचीच. मुखरूने एवढ्या संसारात दोन शब्द कमावले होते, "हव", म्हणजे हो, आणि "बरं". दोन्ही तो एकाच सुरात म्हणायचा, आणि कुठे कोणता टाकायचा हे त्याला अचूक कळायचं. दोनदाच चुकला. ते पुढे येईल.

गावाने हा राग चालवून घेतला, कारण चिचटोल्यातलं जवळजवळ प्रत्येक डोकं या जगात आलं ते शकुबाईच्या ओंजळीत. ती सुईण. पोलीस पाटील चावडीवर मिशीला पीळ देत बसला की ती रस्त्यावरूनच म्हणायची, "मिशी कोनाले दाखवते? तू निंगाला तवा रडत बी नव्हता. पाठीत धपाटा घालून मी रडवला तुले." पाटील मिशी सोडून द्यायचा.

आमच्या बोलीत ळ फारसा नांदत नाही. डोळ्याचा डोरा होतो, नाळेची नार. तर नार कापली की ती दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची नाही, हा शकुबाईचा कायदा. त्याच घराच्या अंगणात स्वतः खड्डा करायचा, नाळ पुरायची, वर दगड ठेवायचा आणि दगडावर बोरीचे काटे. "आंगातून जे निंगालं ते घरच्याच मातीत जाते. दुसऱ्याच्या जागी पडलं तं जीव तिकडंच वढ घेते. अन् कुत्र्यानं उकरलं तं ते पोरगं जन्मभर भुकेलं राह्यते." गावातला कोणी कोळशाच्या खाणीत कामाला जाऊन परतला नाही की तिचं निदान ठरलेलं, "त्याची नार बुधरीनं पुरली असंल. वरवर."

बुधरी म्हणजे नाल्यापलीकडच्या गोंडांच्या वस्तीवरची, टोल्यावरची सुईण. हसरी बाई. शकुबाईला तिच्या कामाचा जेवढा राग, त्याहून तिच्या हसण्याचा जास्त.

दोन पावसाळ्यांपासून शकुबाईच्या डोळ्यांत धुकं उतरलं होतं. तांदूळ निवडताना खडे भाताबरोबर शिजायचे आणि मुखरू ते मुकाट्याने चावायचा. पण नीलाबाईच्या बाळंतपणात शकुबाईने नाळ समजून आपल्याच लुगड्याच्या पदराला दोरा बांधला, आणि नाळ तशीच वाहत राहिली. नीलाबाईची सासू ओरडली म्हणून पोर वाचलं. शकुबाईने माफीबिफी मागितली नाही. "घरात दिवा नाई, तेल नाई, अन् सुईनीले बोल लावते," असं म्हणून ती सासूवरच घसरली. पण त्यानंतर नीलाबाईच्या घरावरून जाताना ती मान वळवून जायची. अन् कोणाच्या घरी दिवस भरले की लोक आधी नाल्याकडे पाहायला लागले.

त्यातच तिची धाकटी पोरगी चंदा, सासरहून निरोप आला, गरोदर आहे. पहिलटकरीण. शिमग्याच्या सुमाराला बाळंतपणाला माहेरी येणार.

शकुबाई त्या दिवशी रागावली नाही. घरातली कोंबडीसुद्धा गोंधळली.

आणि तेवढ्यात दसरू कोतवालाची दवंडी आली.

दसरूचा आवाज वंगण नसलेल्या बैलगाडीच्या आखासारखा, शेवटी शेवटी वर चढत जाणारा. हलगीवर दोन टिपऱ्या हाणायच्या आणि सुरू. "ऐका हो ऐका. तालुक्याच्या साळेत मोठे डाक्टर येऊन राह्यले होऽ. ज्याच्या ज्याच्या डोऱ्यात मोती झाला असंल त्यानं संक्रांतीनंतर यावं होऽ. डोऱ्यातले मोती फुकट काढून भेटतील होऽ."

त्याला कचेरीतून सांगितलेलं होतं, की मोतीबिंदू फुकट काढून मिळेल. बिंदू त्याने वाटेत गाळला. कोणाला एवढं लांब बोलायला वेळ आहे? पण शकुबाईने ते दारात उभं राहून नीट ऐकलं. काढून भेटतील.

"मुखरू," ती आत येऊन म्हणाली, "एवढे दिवस हा मोती पिकून राह्यला होता माह्या डोऱ्यात. मी उगाच शिव्या देत होती. दोन डोरे, दोन मोती. एक चंदाच्या नथीत बसवीन."

"हव," मुखरू म्हणाला.

"अन् दुसरा?"

"बरं."

*

संक्रांतीनंतर मुखरूने तिला गाडीत घालून तालुक्याला नेलं. आमचा चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. शाळेच्या भिंतीवर नकाशा मात्र जुन्या मध्य प्रदेशाचाच. त्या नकाशाखाली बाकं जोडून टेबल केलेलं. माणसं सतरंज्यांवर ओळीने उताणी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांना पट्ट्या. चावायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही. पेज प्यायची ती पण दुसऱ्याने पाजायची.

कंपाउंडर नाकात बोलायचा. सर्दीमुळे नव्हे, जन्मतःच. "बांईं, डोंळां हंलंवूं नंकां."

"माह्या डोऱ्याले तू नको सांगू. तुह्या नाकाले सांग," शकुबाई टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती हलली नाही, हे खरं. बाळंतिणीला सांगते तसं तिने स्वतःलाच सांगितलं असणार, कळ सोस, बोंब मारू नको.

पट्टी सोडायच्या दिवशी उजेड आत आला. नुसता उजेड, आकार नाहीत. दुधात माणसं फिरताहेत असं. मग कंपाउंडरने तिच्या नाकावर चश्मा चढवला. तारेची गोल चौकट, कानामागून सुतळी, उजव्या बाजूला गोटी अर्धी कापून बसवावी तशी फुगीर काच, डाव्या बाजूला साधी. शकुबाईने समोर पाहिलं. समोर मुखरू. एवढा मोठा मुखरू तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. नाकातले केससुद्धा दिसले.

तिने चश्मा काढून हातात घेतला.

"काच पाह्यली. आता मोती आन."

"कोंणंतां मोंतीं?"

"माहा. काढला ना तू? का नुसता डोरा उघडून पाह्यला अन् ठेवून देला?"

कंपाउंडर गडबडला. नागपूरचे डॉक्टर दोन पेशंट सोडून उभे होते, ते आले. डॉक्टर गोड बोलायचे, बालवाडीतल्या पोरांशी बोलावं तसं, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून. "हे पाहा आजी. मोती, म्हणजे, खरा मोती नसतो. आपल्या डोळ्यात एक भिंग असतं. छोटासा मणी म्हणा. तो गढूळ होतो. आपण तो काढतो. आणि त्याच्या जागी, बाहेरून, हे भिंग. कळलं?"

"कोनाची आजी?" शकुबाई म्हणाली. "म्हंजे मनी होता."

"मणी म्हणजे, तसाच काहीतरी."

"मोती नसंल तं नसो. मनी तं मनी. आंगातला माह्या आये ना? मंग कुठी आये तो?"

डॉक्टरांनी कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडर सरळ माणूस. तो म्हणाला, "बांदंलींत."

"कोनत्या बादलीत?"

"ती रोजच्या रोज रिकामी करतात हो," डॉक्टर म्हणाले, आणि हसले. वाईट मनाने नाही. पण हसले. "सगळ्यांचेच टाकून देतो आपण, आजी. त्याचा उपयोग नसतो."

शाळेच्या मागच्या भिंतीला धरत धरत शकुबाई तिथे गेली. मुखरू मागून. तिथे चुन्याने झाकलेला खड्डा होता, कापसाचे बोळे होते, आणि दुधासारख्या उजेडातून काहीतरी चार पायांचं सटकन पळालं.

"कुत्रा होता का, मुखरू?"

इथे "बरं" म्हणायला पाहिजे होतं. बरं म्हणजे काहीच नाही, बरं म्हणजे चल घरी जाऊ. मुखरू म्हणाला, "हव."

*

त्या दिवसापासून जो राग पेटला, त्याच्यापुढे आधीचा सगळा राग म्हणजे लाडीगोडी वाटावी. गाडीत ती घरापर्यंत बोलत होती, बैलांनाही विषय सोडता येईना.

"चार गावचे डोरे एका बादलीत. कुत्र्यापुढं. मी माह्या जन्मात एक नार कुत्र्याले लागू देली नाई. पावसात गेली, पुरात गेली, खड्डा खंदला. अन् माहाच डोरा बादलीत." थोडं अंतर गेलं की पुन्हा, "माही माय चारोरी घेऊन बाजारात जाय. शेट पायलीभर चारोरी घे अन् पायलीभर मीठ दे. मापाले माप, बराबर, म्हने. माय बी म्हने बराबर. आता हे डाक्टर. डोऱ्यातला मनी घेतला, काच देली. बराबर. मी ते काच नाकावर ठेवली म्हंजे सौदा मान्य केला. नाई ठेवत मी. माहं मले दे, मंग तुही काच घालतो."

घरी येऊन तिने चश्मा खुंटीला टांगला. मुखरूच्या पागोट्याच्या खुंटीला नाही, विळ्याच्या खुंटीला. मुखरूने एकदा ती नसताना घालून पाहिला, दाराच्या जागी भिंतीतून बाहेर जायला निघाला आणि कपाळाला टेंगूळ घेऊन बसला. शकुबाईला टेंगूळ दिसलं नाही, हाताला लागलं. "काय केलं?" "बरं." "बरं काय बरं?" "हव."

मग दसरूची पाळी. तो चावडीवर हलगी गरम करत बसला होता. शकुबाई त्याच्यासमोर उभी राहिली, म्हणजे अंदाजाने, थोडी डावीकडे. तिथल्या खांबाला उद्देशून तिने सुरू केलं.

"दसरू, तू काय म्हनला होता? काढून भेटतील. भेटला का?"

"इकडं आये मी, बाई."

"माहीत आये मले. खांबाले बी ऐकू दे. भेटतील म्हनला का नाई?"

"भेटतील म्हनलो. पन कोनाले भेटतील, असं कुठी म्हनलो?"

खांबाने काही उत्तर दिलं नाही. चावडीवरचे हसले. शकुबाईने हलगी उचलली आणि शेकोटीपासून दूर, थंड चिखलात ठेवून दिली. ओली हलगी वाजत नाही. दसरूला तीन दिवस तोंडाने दवंडी द्यावी लागली, आणि लोकांना ती जास्त आवडली, हा त्याच्यावर आणखी अन्याय.

मग चंदा आली. पोट पुढे, तोंड आईचंच. ती आली त्या संध्याकाळी शकुबाईने तिच्या पोटावर हात फिरवला, डोकं खाली आहे का पाहिलं, आणि म्हणाली, "बस. शिमगा होऊ दे."

चंदाने खुंटीकडे पाहिलं. "माय, तो चस्मा काऊन टांगला?"

"तो आपला नाई."

"नीलाबाईनं सांगतलं मले. पदराले गाठ मारली तू."

घरात मुखरूची पेज फुंकायची थांबली.

"चस्मा घालशील तं तुह्या हाती," चंदा म्हणाली. आवाज चढवला नाही. शकुबाईच्या पोरीला आवाज चढवायची गरज काय, घरातला सगळा आवाज आईने आधीच वापरलेला. "नाई तं बुधरीले बोलाव. मी लेकराचा जीव तुह्या रागात टाकत नाई."

शकुबाईने त्या रात्री कोणाला शिवी दिली नाही. ते जास्त भयंकर होतं.

शेवटी तिने स्वतःच तोड काढली. महिन्याभराने डॉक्टर लोक परत तालुक्याला येणार होते, आधीचे डोळे तपासायला आणि राहिलेल्यांचे कापायला. "माहा मनी परत आनतो. मनी भेटला का सौदा फिटला. मंग चस्मा घालतो अन् तुही नार मीच कापतो. बुधरी आली तं बाहेर बसंल, हसत."

"अन् मनी नाई भेटला तं?" चंदा म्हणाली.

"भेटंल कसा नाई. त्याच्या बापाचा आये का?"

*

डॉक्टरांनी तिला ओळखलं. अशा बाईला कोण विसरेल. पण या वेळी ते हसले नाहीत. थकले होते, चश्मा कपाळावर चढवून डोळे चोळत होते.

"तो तर गेला, बाई," ते म्हणाले. आजी नाही म्हणाले. "तो मी कुठून आणू?"

"मंग दुसरा दे."

"दुसरा म्हणजे?"

"हा." शकुबाईने डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "हा बी पिकला आये. काढ. पन बादलीत नाई. माह्या हातात."

डॉक्टरांनी कपाळावरचा चश्मा खाली ओढला. मग कंपाउंडरला म्हणाले, "एक बाटली धुऊन ठेवा."

"बांटंलीं कशांलां, सांहेंबं?"

"मोत्याला."

टेबलावर चढायच्या आधी तिने बाटली मागितली. दिसणार नव्हतीच, बोट आत घालून पाहिली, बूच लावून पाहिलं, पुन्हा काढलं. "आता काप." आणि कापताना ती कानाने पाहत होती. औषधपाण्यात काहीतरी पडलं, टप्. एवढा लहान आवाज. तो आवाज झाल्यावरच तिने श्वास सोडला, आणि कंपाउंडर घाबरून म्हणाला, "श्वांसं हंळूं."

दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याशी वाळूच्या पिशव्या, मुठीत बाटली. मुखरू उशाशी.

"कसा आये?"

मुखरूने बाटलीकडे पाहिलं. "हव."

"हव म्हंजे? गोल आये का?"

"गोल."

"चमकते का?"

आता मुखरूची गंमत पाहा. ज्या माणसाने उभ्या जन्मात दोन शब्दांवर निभावलं, त्याला अचानक तिसरा शब्द सुचला. पट्ट्या बांधून पडलेल्या बायकोच्या मुठीत ती बाटली त्याने पाहिली, आणि म्हणाला, "चमकते. लय चमकते. चांदनीवानी."

ही दुसरी चूक, आणि मोठी.

शेजारच्या सतरंजीवरचा सोमाजी नावाचा म्हातारा दोन्ही डोळे बांधलेले असताना म्हणाला, "माहा कुठी आये मंग?" त्याच्या पलीकडचा म्हणाला, "अन् माहा?" कंपाउंडर रात्रभर बुचं शोधत होता.

उजव्या डोळ्याची पट्टी आधी सुटली. डाव्यावर हिरवा कपडा राहिला. शकुबाईने पहिल्याप्रथम बाटली उजेडात धरली. दूध. वळवली. दूध. डोळ्याच्या अगदी जवळ नेली, लांब नेली. दूधच.

मुखरूने धोतराच्या सोग्यातून चश्मा काढला. घरून आणला होता, तिला न सांगता. तिच्या हातावर ठेवला.

तिने बाटली दुसऱ्या मुठीत घट्ट धरली. मग म्हणाली, "मनी हातात आये माह्या. आता घालतो. सौदा फिटला," आणि सुतळी कानामागे ओढून घातला.

बाटलीत पाणी. पाण्यात, भिजवलेल्या लाखोरीच्या डाळीचा एक दाणा. तसाच. पिवळट, मधे तपकिरी, चपटा. चमक नाही. काच सगळं मोठं करून दाखवते तरी एवढासा.

शकुबाईने तो बराच वेळ पाहिला. मग मान हळूच वर केली आणि त्या एका फुगीर काचेतून मुखरूकडे पाहिलं. मुखरूचं तोंड भलंमोठं दिसत होतं, आणि त्यावर खोटं बोललेल्या माणसाचं सगळं जिथल्या तिथं होतं.

"चांदनीवानी," ती म्हणाली.

"बरं," मुखरू म्हणाला.

"डाक्टर हसला, चावडी हसली, ते समजते मले. तू? मी डोरे बांधून पडली, अन् तू मले चांदनी दाखवून राह्यला? मी लेकीच्या नथीत हे डार बसवून देली असती गावासमोर, तवा?" ती उठून बसली, कंपाउंडर धावला. "चूप बस रे नाकाड्या. हे असं आये, तं असं आये म्हन ना. डार आये तं डार म्हन. माहीच आये ना? माह्या आंगातली डार मले काऊन लाजवंल?" ती ओळीतल्या सगळ्या पट्ट्या बांधलेल्यांना उद्देशून म्हणाली, "ऐका. डार आये. लाखोरीची. कोनी चांदनी म्हनला तं त्याचं तोंड फोडा."

त्याच दुपारी दसरू आला. धावत नाही, दसरू धावत नाही; पण त्याची हलगी गळ्यात नव्हती, म्हणजे काहीतरी झालं होतं. "बाई, चंदाले कळा सुरू झाल्या. बुधरीले बोलावलं."

डॉक्टर संतापले. या वेळी राग त्यांचा आणि न्याय्य. तीन दिवस अजून पडून राहायला हवं, टाका निसटला तर डोळा जाईल. शकुबाई गाडीकडे चालली होती. शेवटी ते मागून म्हणाले, "ताठ बसायचं. वाकायचं नाही. अजिबात वाकायचं नाही."

"मी कोनासमोर वाकली?" शकुबाई म्हणाली.

*

चंदाच्या खोलीत बुधरी बसलेली. डोकं आलेलं. शकुबाई दारात, एका डोळ्यावर हिरवा कपडा, दुसऱ्यावर ती काच. त्या काचेमागचा डोळा बुधरीला बैलाच्या डोळ्याएवढा दिसला असणार. बुधरी हसली.

"हसू नको. सरक."

"तुले वाकता येते का?"

मुखरूने गाडीतून उतरून तिच्याआधी दारातूनच सांगून टाकलेलं दिसतं. शकुबाईने नवऱ्याकडे एक नजर टाकली, ती त्याला नंतर पुरली. वाकता येत नव्हतं. बुधरीने लेकरू घेतलं आणि शकुबाई चंदाच्या उशाशी ताठ बसून शिव्या देत राहिली, चंदाला नाही, जगाला. आणि चंदा त्या शिव्यांच्या तालावर जोर लावत होती. पोरगी झाली. रडली. आईच्या आईसारखी.

"नार मी कापतो," शकुबाई म्हणाली.

बुधरीने लेकरू तिच्या मांडीएवढं उंच धरलं. चुलीवर उकळलेलं पातं शकुबाईच्या हातात. तिने काचेतून पाहिलं, नाळ बोटाएवढी जाड, समोर स्पष्ट, आणि पातं चालवलं. हवा कापली.

"हिल्ले," बुधरी गोंडीत म्हणाली. नाही, तिथे नाही. "बाई, वारा कापून राह्यली तू. नार इकडं आये."

"माहीत आये मले."

एका डोळ्याला लांबी कळत नाही, आणि ती काच सगळं जवळ ओढते. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. सांगितलं तेव्हा शकुबाई भांडत होती. दुसऱ्यांदा पातं पुन्हा अलीकडेच. चंदा आईकडे पाहत होती.

शकुबाईने पातं खाली ठेवलं. डाव्या हाताचं बोट पुढे केलं, नाळेला लागलं. ते बोट तिथेच ठेवलं. मग पातं बोटाच्या कडेने उतरवलं, काचेतून बघत बघत, बोट आणि पातं एका जागी येईपर्यंत. गाठ पाहिली. पदर पाहिला, पदराला नाही ना. कापली.

"झालं," ती बुधरीला म्हणाली. "आता हस."

बुधरी हसली नाही, ह्याचाही शकुबाईला राग.

मग तिने लेकरू पाहिलं. "केवढी मोठी पोरगी, चंदा. काय खाल्लं तू?" पोरगी होती मूठभर. चंदाने आईकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं आणि सांगितलं नाही. शकुबाई अजून गावात सांगते, अशी दांडगी पोरगी चिचटोल्यात झाली नाही.

खड्डा बुधरीने खणला, कारण वाकायचं नव्हतं. "अजून खोल. अजून. असाच खंदते म्हनून पोरं खानीत जाऊन राहून जातेत." बुधरी घामाघूम. नाळ ठेवली. मग शकुबाईने बाटलीचं बूच काढलं आणि ती लाखोरीची डाळ तिथेच, नातीच्या नाळेशेजारी, ओतून दिली. दगड, काटे. आधीचा मणी तालुक्याच्या शाळेमागे कुत्र्याला गेला तो गेला. त्याचा राग तिने पुरला नाही, तो वर ठेवला, रोज लागतो म्हणून.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा डॉक्टर येणार होते. दसरू हलगी घेऊन निघाला तर शकुबाई दारात, आता दोन्ही बाजूंना फुगीर काच, दोन्ही डोळे बशीएवढे. "काय म्हनशील? म्हनून दाखव."

दसरूने हलगी दोनदा वाजवली. आवाज वर चढू लागला तसा त्याने तिच्याकडे पाहत पाहत पुढचं जोडलं. "डोऱ्यातला मनी काढून घेतील होऽ. मागंल त्यालेच भेटंल होऽ. नाई मागंल त्याचा बादलीत जाईल होऽ."

"अन् कसा असते?"

"लाखोरीच्या डारीएवढा असते होऽ. चमकत नाई होऽ."

त्या वर्षी चिचटोल्यातली, नाल्यापलीकडची, आसपासची जी जी माणसं शाळेत सतरंज्यांवर उताणी पडली, त्यांच्या प्रत्येकाच्या छातीवर पळसाच्या पानाचा एक एक द्रोण होता. कंपाउंडर ओळीने फिरत होता. "आंणखीं एंकं द्रोंणं, सांहेंबं." आणि दारात शकुबाई ताठ उभी होती, जो द्रोण बाहेर येईल त्यात डोकावून बघत आणि सोबत्याच्या हाती देताना बजावत, "घरी ने. बोरीचे काटे ठेव वर. अन् त्याले खरं सांग, कसा आये ते."